तिसऱ्या दुरुस्तीनंतर

फाटकाबाहेर कुणीतरी मराठीत वैतागत होतं, आणि पुरसवाक्कमच्या त्या गल्लीत ही काही रोजची गोष्ट नव्हती.

शनिवारची अर्धी शाळा आटोपून विमला नुकतीच घरी आली होती. ऑक्टोबरातला पाऊस जेमतेम थांबला होता आणि गल्लीत घोट्याएवढं पाणी साचलं होतं. वर्गातल्या मुलींच्या तपासायच्या वह्या कुठे भिजल्या नाहीत ना, हे ती ओसरीवर उभी राहून बघत होती, तेवढ्यात तो आवाज आला.

"झालं! चप्पल गेली. आता एका पायानं मशीन दुरुस्त करायचं वाटतं!"

मराठी तिच्या घरातही बोलत. पण ते तंजावरकडचं, पिढ्यान्‌पिढ्या तमिळच्या शेजारी राहिलेलं मराठी. हे बाहेरचं मराठी निराळंच होतं. ताजं, घाईघाईचं, थोडं उद्धट. ती फाटकापाशी गेली. बाहेर काठीसारखा सडपातळ एक तरुण एका पायावर उभा होता. छत्रीऐवजी डोक्यावर हत्यारांची पिशवी, हातात भिजून लगदा झालेली पत्त्याची चिठ्ठी.

तिला बघताच त्यानं दुसरा पाय पाण्यात टेकवला आणि पाठ केलेलं तमिळ सुरू केलं. "अम्मा... कृष्णस्वामी राव... वीडु..."

"हेंच घर," विमला म्हणाली. "आणि तुमची चप्पल तेथें आहे. गटाराच्या जाळीस अडकली, पहा."

चप्पल राहिली बाजूला. तो तिच्याकडेच बघत राहिला.

"तुम्ही... मराठी?"

"मग? तुम्हांस काय वाटलें?"

"नाही, म्हणजे... चार महिने झाले मद्रासला येऊन. चार महिन्यांत मराठीत मी फक्त स्वतःशी बोललोय."

"तें ऐकलें मी," विमला म्हणाली, आणि तो कानापर्यंत लाल झाला.

त्याचं नाव गुंडो तेरदाळकर. मिरजेकडचा. मोटारींचं आणि पंपांचं काम शिकून तो अंबत्तूरच्या नव्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या वर्कशॉपात लागला होता. नाव ऐकून विमलाला हसू आवरेना. तमिळमध्ये गुंडू म्हणजे गोलगुबगुबीत, आणि हा गृहस्थ तर फुंकर मारली तर उडेल असा! वर्कशॉपातली पोरं आपल्याला हाक मारताना का खिदळतात, ते गुंडोला त्या दिवशी कळलं.

तो आला होता कपडे धुण्याच्या यंत्रासाठी. तसं यंत्र त्या गल्लीत दुसरं नव्हतं, किंबहुना पुरसवाक्कमभर नसावं. विमलाचे वडील, म्हणजे अप्पा, कृष्णस्वामी राव एका गोऱ्या कंपनीत हेडक्लार्क. दहा वर्षांपूर्वी कंपनीचा मॅनेजर कायमचा विलायतेला निघाला, तेव्हा त्यानं आपलं पाच वर्षं वापरलेलं मशीन प्रेमानं त्यांच्या गळ्यात मारलं. चार पायांवर उभं पांढरं पिंप, खाली मोटार, वर कपडे पिळायचे दोन रबरी रूळ. मागच्या अंगणात विहिरीशेजारच्या पडवीत ते ठेवलं होतं, आणि चालू झालं की तिसऱ्या घरापर्यंत घरघर ऐकू जायची.

पण यंत्राची खरी भक्त होती कनकाआत्या. अप्पांची ही थोरली बहीण विसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आली, आणि विमलाची आई गेल्यावर तिनंच विमलाला वाढवलं. आत्याचं सोवळं मोठं कडक. तिची धुतलेली वस्त्रं उंच दांडीवर काठीनं वाळत पडत, आणि कुणी चुकून हात लावला तर पुन्हा पाण्यात जात. विलायती यंत्र घरात आलं तेव्हा ती घर डोक्यावर घेईल अशी अप्पांना धास्ती होती. आत्या दोन दिवस विचार करत बसली आणि तिसऱ्या दिवशी तिनं निकाल दिला: या यंत्रात कपड्याला माणसाचा हात लागतच नाही, म्हणजे धुणं याच्याइतकं सोवळं कुठेच नाही! तेव्हापासून विहिरीचं पाणी, रिठ्याचा फेस आणि आत्याची नऊवारी यंत्रात सुखानं घुमत होती. परवापर्यंत.

गुंडोनं मशीन आडवं केलं, खालचं झाकण काढलं आणि जीभ टाळ्याला लावून च्यक्‌ केलं.

"किती वर्षांचं आहे?"

"पंधरा," अप्पा म्हणाले. ते खुर्ची घेऊन समोरच बसले होते. हेडक्लार्क माणूस, देखरेखीवाचून काम होतं यावर त्यांचा विश्वास नव्हता. "अशा यंत्राचें आयुष्य किती असतें?"

"दहा वर्षं. नीट निगा राखली तर बारा. पंधरा म्हणजे... आजोबांना नमस्कारच करायला हवा."

विमला टॉर्च धरून उभी होती. टॉर्चचा उजेड जरासा हलला, कारण तिला हसू आलं.

"मग बदलावें केव्हा, हें कळावें कसें?" अप्पांनी खिशातून डायरी काढली.

"पिंपाला आतून गंज धरला, मोटार तापायला लागली, रूळ कपडे फाडायला लागले की ओळखायचं. आणि सगळ्यांत सोपी खूण सांगू का?" गुंडोनं मान वर करून आधी अप्पांकडे आणि मग, काही कारण नसताना, टॉर्चकडे बघितलं. "वर्षात तिसऱ्यांदा माणूस बोलवावा लागला, की मोह सोडायचा. तिसऱ्या दुरुस्तीनंतर जुन्यात जीव अडकवण्यात अर्थ नसतो."

अप्पांनी ठळक अक्षरात लिहून घेतलं: तिसरी दुरुस्ती... नवीन.

काम झालं. मशीन घरघरलं. विमलानं कॉफी आणली आणि पडवीच्या पायरीवर बसलेल्या गुंडोच्या टंबलरमध्ये ती उंचावरून ओतली. घरात यायला त्याला कुणी सांगितलं नव्हतं. बाहेरून आलेला माणूस बाजूच्या बोळातून थेट मागच्या अंगणात यायचा आणि तिथूनच परत जायचा, ही आत्याची शिस्त.

"तुम्ही बोलता ना," तो कॉफीच्या वाफेत बघत म्हणाला, "तेव्हा वाटतं, तीनशे वर्षांपूर्वीचं एखादं पत्र कुणी वाचून दाखवतंय."

"आणि तुम्ही बोलतां तेव्हां वाटतें, गाडी चुकते आहे."

"चुकणारच आहे," तो उठत म्हणाला. पण गाडी चुकल्याचं दुःख त्याच्या चेहऱ्यावर कुठे दिसेना!

तो गेला आणि आत्या आतून आली. ओलेत्यानं, हातात तांब्याचा मोठा तांब्या. पाण्यात हळद आणि तुळशीचं पान. आगगाडीतून, रस्त्यातून आलेल्या माणसानं यंत्राला हात लावला, आता ते शुद्ध केल्याशिवाय तिची वस्त्रं त्यात कशी जाणार? विजेची तिला भीती होती, म्हणून पिन काढून घ्यायला ती विसरली नाही. मग काहीतरी पुटपुटत तिनं डोक्यापासून पायापर्यंत यंत्राला स्नान घातलं. एक तांब्या, दोन तांबे, पाच तांबे. पिंपाच्या कडेवरून पाणी खाली उतरलं आणि झाकणाच्या फटीतून हळूच मोटारीत गेलं.

विमलानं ते बघितलं. आत्याला सांगायला तिनं तोंड उघडलं... आणि का कोण जाणे, पुन्हा मिटलं.

तीन आठवड्यांनी मशीन बंद पडलं.

अप्पांनी ऑफिसातून अंबत्तूरला फोन केला. शनिवारी दुपारी बोळात चपला वाजल्या, दोन्ही पायांच्या. विमलानं त्या दिवशी आरशासमोर वेणी दोनदा घातली होती आणि दोन्ही वेळा स्वतःवर चिडली होती.

"इतक्यात?" गुंडो मशीनसमोर उकिडवा बसून म्हणाला. "मी काही चुकलो का?"

"यंत्र म्हातारें आहे," विमला म्हणाली. आवाज शक्य तितका साधा ठेवून.

त्यानं झाकण काढलं, आत बोट घातलं आणि ते उजेडात धरून बघितलं. मग त्यानं मोटार पुसून वाळवली आणि जाण्याआधी एक नवी तार मशीनपासून जमिनीत पुरून टाकली.

"ही कशास?"

"असू दे. कुणाला झटका बसायला नको." मग पायरीवर बसून तो मिरजेच्या गोष्टी सांगत राहिला. आई अजून चुलीवरच भाकरी करते, आणि मद्रासच्या खाणावळीत भात बघून बघून आपल्याला भाकरीची स्वप्नं पडतात. विमलानं त्याला तमिळ शिकवलं. 'उद्या' कसं म्हणायचं, 'भूक लागली' कसं म्हणायचं, 'पुन्हा येतो' कसं म्हणायचं. शेवटचं त्यानं चारदा म्हणून घेतलं. चारही वेळा उच्चार चांगला होता, तरी.

तो गेला. आत्या तांब्या घेऊन आली. विमला खांबाला धरून उभी राहिली आणि मूग गिळून बघत राहिली.

काय होत होतं ते तिला नीट ठाऊक होतं. शहाणी, शिकलेली, शाळेत मुलींना विज्ञान शिकवणारी विमला! पण आत्याला थांबवलं तर मशीन वर्षभर चालेल, आणि वर्षभर बोळात चपला वाजणार नाहीत. इतका साधा हिशोब होता.

नोव्हेंबर सरता सरता तिसरी खेप झाली. अप्पांनी डायरी उघडून समोर धरली.

"मिस्टर तेरदाळकर, तिसरी दुरुस्ती. तुमचेच शब्द. आतां नवें मागवावें ना?"

विमलाच्या हातातला टॉर्च थिजला. नवं यंत्र म्हणजे... सगळं संपलंच. गुंडोनं घाम पुसला, खाली बघितलं, वर बघितलं.

"तसं नाही... पावसाळ्यातली दुरुस्ती यात धरत नाहीत."

"असें?" अप्पांच्या भुवया वर गेल्या.

"हो. दमट हवा. यंत्राचा त्यात दोष नसतो. एक संधी द्या त्याला."

अप्पांनी तेही लिहून घेतलं. ते आत गेल्यावर विमला हळूच म्हणाली, "पावसाळ्यातली धरीत नाहींत?"

"नाही," तो म्हणाला. त्याला तिच्याकडे बघायचं धैर्य होत नव्हतं. "मिरजेला... तशी पद्धत आहे."

"मिरजेस कपडे धुण्याचीं यंत्रें किती आहेत?"

"एकही नाही," गुंडो म्हणाला, आणि दोघं इतकी हसली की आतून आत्याचा खाकरा ऐकू आला. विमलाच्या कानातल्या कुड्या हसताना हलत होत्या. गुंडो त्या बघतच राहिला, आणि पाना हातात तसाच राहिला.

चौथ्या खेपेला डिसेंबर अर्धा झाला होता आणि गुंडो हसत नव्हता. काम झालं, कॉफी झाली, तरी तो उठेना.

"काय झालें?" विमलानं विचारलं.

"मालक चिडलेत. म्हणतात, एकाच घरातून चारदा तक्रार, म्हणजे तुझ्या हातात कामच नाही. पोंगलनंतर मला कायम करायचं की नाही ते ठरवणार आहेत." त्यानं टंबलर पायरीवर अगदी हळू ठेवला. "पाचव्यांदा या घरातून फोन आला, तर मिरजेचं तिकीट काढ म्हणालेत."

आता सांगायलाच हवं होतं. तिचे ओठ हललेसुद्धा. 'दोष तुमचा नाही, आमच्या आत्या...' एवढंच तर म्हणायचं होतं. पण त्याच क्षणी अप्पा बोळातून आले, गुंडो पिशवी उचलून उभा राहिला आणि "पुन्हा येतो" हे नेहमीचं तमिळ वाक्य न म्हणताच निघून गेला.

आणि संध्याकाळी आत्या तांब्या घेऊन आली तेव्हाही विमला गप्पच राहिली. एकदा, फक्त एकदाच अजून त्याला बघू दे, मग सगळं सांगेन... असं ती मनाशी म्हणाली. प्रेमात पडलेली माणसं स्वतःला किती सहज फसवतात!

नऊ दिवसांनी मशीन बंद पडलं. सकाळी आत्यानं बटण दाबलं आणि नुसता एक हुंकार आला. आता अप्पा फोन करणार, मालक रिसीव्हर उचलणार, आणि जिला त्याला बघायचं होतं, तिच्याच पायी तो कायमचा मिरजेला जाणार.

"आत्या," ती एकदम म्हणाली. "अप्पांस सांगूं नका."

"कां?"

"मी धुतें सारें. हातानें. तुमचेंही. सोवळ्यांत धुतें, स्नान करून. पण यंत्र मोडलें हें अप्पांस कळूं नये."

आत्यानं तिच्याकडे बघितलं. विसाव्या वर्षापासून जिनं स्वतःच्या मनाला दारातच उभं ठेवलं होतं, तिला दुसऱ्याच्या मनात डोकवायला वेळ लागत नसावा.

"तो मेकॅनिक न येवो, असें तुज वाटतें?" आत्यानं विचारलं.

"येवोच, असें वाटतें," विमला म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "म्हणूनच."

आत्यानं रिठे भिजत घातले आणि विमलासमोर ठेवले.

मग सुरू झालं एक विलक्षण व्रत. पहाटे विहिरीवर स्नान करायचं, ओलेत्यानं दगडावर धुणं घ्यायचं, आत्याची नऊवारी पिळून काठीनं दांडीवर टाकायची, आणि मग साडी बदलून शाळेत जायचं. मार्गळीची, म्हणजे धुंधुरमासाची, थंडी मद्रासला फार नसते, पण पहाटेच्या विहिरीवर असते तेवढी पुरते. शेजारच्या देवळातून स्तोत्रांचा आवाज यायचा. विमलाच्या बोटांना रिठ्यानं भेगा पडल्या, तळहात लाल झाले. खडू धरताना झोंबायचं. वर्गातल्या मुली विचारायच्या, "टीचर, हाताला काय झालं?" ती म्हणायची, काही नाही.

धुण्याचं काही वाटत नव्हतं. जीव खात होते ते शनिवार. दुपारी एक वाजला की कान आपोआप बोळाकडे लागायचे. कधी पोस्टमन, कधी भाजीवाली. एकदा खरोखरच चपला वाजल्या आणि ती वही टाकून धावली, तर शेजारचे मामा चुकून या बोळात शिरले होते! पायरीवर तो ज्या जागी बसायचा, तिथे ती कॉफी घेऊन बसायची. ज्याला आपणच येऊ द्यायचं नाही असं ठरवलंय, त्याची वाट बघण्याला शहाणपण म्हणता येणार नाही, हे तिलाही कळत होतं. तरी ती बघायची. त्याला काय वाटत असेल? सुटलो, असं वाटत असेल? की त्या घरानं आपल्याला टाकलं, असं? आपली आठवण निघत असेल का त्या खाणावळीतल्या भातावर?

पडवीतलं मशीन तिच्यासारखंच मुकं होऊन उभं होतं. अप्पा मधूनच विचारायचे, "यंत्र ठीक?" आणि आत्या, जन्मात खोटं न बोललेली आत्या, देवाकडे तोंड करून म्हणायची, "शांत आहे."

संक्रांतीबरोबर पोंगल आला. अंगणात पोंगलचा गोड भात उतू गेला, दारात ऊस उभे राहिले, आणि सण गेला. त्यानंतरच्या शनिवारी विमला ओले पंचे झटकत विहिरीपाशी उभी होती. बोळात चपला वाजल्या. आता फसायचं नाही, असं ठरवून तिनं मान वर केली नाही.

"पुन्हा आलो," कुणीतरी तमिळमध्ये म्हणालं. अगदी शुद्ध.

तिच्या हातातला पंचा खाली पडला.

गुंडोच्या अंगावर स्वच्छ पांढरा शर्ट होता. हत्यारांची पिशवी मात्र होती, सवयीनं आणली असावी. तो अजूनच वाळला होता.

"मशीन कसं आहे?"

"शांत," विमला म्हणाली. "तुम्हांस कोणी बोलाविलें?"

"कुणी नाही. म्हणूनच आलो. मालकांनी मला काल पक्कं केलं. म्हणाले, त्या घरातून तक्रार नाही, हात सुधारला तुझा." तो एक पाऊल पुढे आला. "खूश व्हायला हवं होतं मी. पण पाच आठवडे फोनची घंटा वाजली की उठायचो. दर वेळी दुसऱ्याच कुणाचा पंप! वाटलं, मशीन चालतंय म्हणजे... माझं काही कामच उरलं नाही इथे."

विमलानं घाईनं हात पदराआड नेले. पण उशीर झाला होता. त्यानं हात बघितले, दगडावरचं ओलं धुणं बघितलं, रिठ्याची परात बघितली. मग तो पडवीत गेला आणि मशीनचं झाकण त्यानं काढलं.

आत सगळं हळदीनं पिवळं झालं होतं. तारेच्या वेटोळ्याला तुळशीचं एक वाळलेलं पान चिकटलं होतं. त्यानं ते अलगद काढलं. मग खिशातून छोटी वही काढून उघडली. तिच्या पानांत तशीच तीन पानं जपून ठेवली होती, प्रत्येकाखाली तारीख.

"हें..." विमलानं वहीकडे बोट दाखवलं. "म्हणजे तुम्हांस ठाऊक होतें?"

"दुसऱ्या खेपेपासून. मोटारीत तुळस आपोआप थोडीच उगवते?"

"मग सांगितलें कां नाही?"

"सांगितलं असतं तर पाणी ओतणं थांबलं असतं." त्यानं चौथं पान वहीत ठेवलं. "तुम्ही का नाही सांगितलंत?"

तिनं खाली पडलेला पंचा उचलला. "त्याच कारणानें," ती म्हणाली.

वारा आला आणि दांडीवरची नऊवारी दोघांच्या मध्ये फडफडली.

"नोकरी गेली असती तरी मला चाललं असतं," तो शेवटी म्हणाला.

"मज चाललें नसतें."

"आणि हे हात?"

"हात बरे होतात," विमला म्हणाली, आणि मग तिला रडूच आलं, हसता हसता.

नेमके तेव्हाच अप्पा ऑफिसातून आले. उघडं मशीन, पिवळी मोटार, रडणारी मुलगी, आणि न बोलावलेला मेकॅनिक. त्यांनी एकेकाकडे क्रमानं बघितलं आणि खुर्ची ओढून बसले.

"मिस्टर तेरदाळकर, काय तें स्पष्ट सांगा. यंत्र ठेवावें, की बदलावें?"

गुंडो सरळ उभा राहिला. "बदला. याचं आयुष्य संपलंय. तिसऱ्या दुरुस्तीलाच संपलं होतं. मी तुम्हाला खोटं सांगितलं."

"कां?"

"नवं मशीन आलं की पाच-सहा वर्षं तरी बिघडत नाही," गुंडो म्हणाला. "पाच-सहा वर्षं मला या घरात यायला कारण मिळालं नसतं. आणि आता तर कारण काढून यायचंच नाही मला. रावसाहेब, मला दुरुस्तीशिवाय या घरात यायचंय. विमलाबाईंची हरकत नसेल तर... कायमचं नातं जोडून. आई-वडिलांना मिरजेहून बोलावतो, गोत्र-प्रवर काय हवं ते विचारा."

अप्पांनी विमलाकडे बघितलं. तिनं मान खाली घातली होती, पण नाही म्हणाली नाही. अप्पांनी डायरी उघडली, काही लिहायचं म्हणून पेन काढलं, आणि काय लिहावं ते न सुचून पुन्हा बंद केली. असा प्रसंग त्यांच्यावर तीस वर्षांच्या नोकरीत आला नव्हता. या घरातला शेवटचा शब्द कुणाचा, हेही त्यांना ठाऊक होतं. त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं.

दारात कनकाआत्या उभी होती. हातात तोच तांब्याचा तांब्या, काठोकाठ भरलेला.

विमलाला पुढचं दिसलं. गुंडोनं मशीनला हात लावला होता. आत्या आता पुढे होणार, यंत्राला स्नान घालणार, आणि या माणसाची जागा अजूनही बाहेरचीच आहे, हे एक शब्द न बोलता सांगून टाकणार. गुंडोनंही ते ओळखलं असावं. तो मशीनपासून बाजूला झाला आणि वाट मोकळी करून उभा राहिला.

आत्या पडवीत आली. मशीनपाशी क्षणभर थांबली. मग त्याला वळसा घालून पायरीपर्यंत आली, आणि तो जिथे बसून कॉफी प्यायचा, त्याच पायरीवर तिनं तांब्या ठेवला.

चार खेपांत आत्या त्याच्याशी एकदाही थेट बोलली नव्हती. आज पहिल्यांदा तिनं त्याच्या तोंडाकडे बघितलं.

"पाय धुवा," ती म्हणाली, "आणि आंत या. कॉफी निवते आहे."

गुंडोनं चपला काढल्या. विमला पंचा घेऊन शेजारी उभी राहिली. त्याच्या पायांवरून हळदीचं पाणी पायरीवर ओघळलं आणि तुळशीचं पान त्याच्या अंगठ्याला चिकटून राहिलं. त्यानं वाकून ते उचललं आणि वहीत ठेवलं.

मशीनवर त्या दिवशी कुणी पाणी ओतलं नाही.